शंभर गुंजा

“सध्या कुणाला घेतलंय?” आमच्या गल्लीत मला असं विचारतात. शिंप्याकडे कुणाचं कापड आलंय ते विचारावं, तसं. मीही त्याच सुरात सांगते, “आनंदीबाईंना.” मग समोरची बाई नाक मुरडते, “ती ध चा मा वाली?” आणि भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन पुढं जाते. त्याआधी सहा वर्षं मी “दुःशलेला” म्हणून सांगायचे. तेव्हा नाकही मुरडलं जायचं नाही, कारण दुःशला कोण हेच कुणाला ठाऊक नसायचं. एका मावशींना ती आमच्या बँकेतली कुणीतरी वाटली होती. “बरी आहे का आता?” असं त्यांनी दोनदा विचारलं.

बँक म्हणजे माझी नोकरी. एकोणतीस वर्षं मी नाशकात रोखपाल होते. दिवसभर नोटा मोजायच्या, संध्याकाळी रोकड जुळवायची, जुळली नाही तर घरी जायचं नाही. खोटी नोट आधी बोटाला कळते, डोळ्याला मागून. ही सवय कादंबरी लिहिताना उपयोगी पडेल अशी माझी समजूत होती. पडली, पण उशिरा. तोवर माझ्या हातून एक खोटी नोट बाजारात गेली होती, आणि ती मीच छापलेली होती.

नाशकात वाढलेल्या पोराला पुराण कुठं संपतं आणि इतिहास कुठं सुरू होतो हे वेगळं शिकवावं लागतं. पंचवटीत सीतागुंफेपासून काळारामाचं देऊळ हाकेच्या अंतरावर. गुंफा रामायणातली, देऊळ पेशवाईतल्या सरदार ओढेकरांनी बांधलेलं. आजी आम्हाला दोन्हीकडं एकाच फेरीत न्यायची आणि दोन्ही गोष्टी एकाच सुरात सांगायची. त्याच देवळाच्या दारात २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांचा सत्याग्रह सुरू झाला, ही तिसरी गोष्ट मात्र आमच्या घरात कुणी सांगितली नाही. ती मला पुढं बँकेत शेजारच्या खिडकीवर बसणाऱ्या सहकाऱ्यानं सांगितली. त्याचे आजोबा त्या गर्दीत होते. आपल्या घरात काय सांगितलं जातं यापेक्षा काय सांगितलं जात नाही, याकडं मी तेव्हापासून लक्ष द्यायला लागले.

आजी चातुर्मासात ‘पांडवप्रताप’ वाचायची. श्रीधरस्वामींच्या ओव्या इतक्या सोप्या की दहा वर्षांची होईपर्यंत मला महाभारत मूळ मराठीतच आहे असं वाटत होतं. कॉलेजात ‘मृत्युंजय’ वाचलं आणि महिनाभर सूर्याकडं बघताना छातीत काहीतरी व्हायचं. नोकरी लागली आणि दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९८८ च्या रविवारी, दूरदर्शनवर महाभारत सुरू झालं. आजीचं, शिवाजी सावंतांचं आणि टीव्हीचं, अशी तीन महाभारतं माझ्याकडं जमा झाली. त्यात व्यासांचं एकही नव्हतं. पण हे कळायला चाळिशी यावी लागली.

दुःशला म्हणजे शंभर कौरवांची एकुलती एक बहीण, सिंधुदेशच्या जयद्रथाला दिलेली. या जयद्रथानं वनवासात द्रौपदीला पळवलं. पांडवांनी त्याला गाठलं, भीमानं त्याच्या डोक्यावर पाच शेंड्या ठेवून बाकीचं भादरलं, आणि तरी तो जिवंत सुटला. का? तर धर्मराजानं आधीच बजावलं होतं की दुःशलेकडं आणि गांधारीकडं बघून त्याला मारू नका. हे वाचताना मी थांबले. ‘पोरीकडं बघून’ हे शब्द मी आमच्या नात्यात किती वेळा ऐकले होते! जावई दारू पिऊन धिंगाणा घालून गेला तरी पोरीकडं बघून गप्प बसायचं. आणि ज्या पोरीकडं बघून हे सगळं चालतं तिला कुणी काही विचारत नाही. व्यासांनीही नाही विचारलं. अठरा पर्वांत ती मोजून चार-पाच ठिकाणी येते. मी तिला घ्यायचं ठरवलं.

ज्या प्रकाशकांकडं गेले ते सज्जन होते. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, “ताई, कर्ण द्या. कर्ण नसला तर द्रौपदी द्या. दुःशला विकत कोण घेणार?” त्यांचंही खरंच होतं. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची, ‘मृत्युंजय’ १९६७ चं, रणजित देसाईंचं ‘राधेय’ त्यानंतरचं. मराठी वाचकानं पुराणातली आपली माणसं निवडून ठेवलेली आहेत, आणि ती निवड बहुतेक कादंबऱ्यांनीच केलेली आहे. माझ्या वर्गात वृषाली नावाच्या दोन मुली होत्या. कर्णाच्या बायकोचं हे नाव मी पुढं मूळ ग्रंथात शोधलं. मला सापडलं नाही.

शोधायला कुठं गेले ते सांगते. पहिली दोन वर्षं आमच्या सार्वजनिक वाचनालयात काढली. १८४० पासूनचं हे वाचनालय, तिथं चिपळूणकर मंडळींनी केलेलं महाभारताचं जुनं मराठी भाषांतर मिळालं. मग कुणीतरी सांगितलं की पुण्याला भांडारकर संस्थेत चिकित्सक आवृत्ती आहे, ती बघितल्याशिवाय लिहू नका. तेव्हा शनिवारी बँक अर्धा दिवस असायची. दीडची एसटी धरून पुण्याला जायचं, रात्री मामेबहिणीकडं राहायचं. बघायचे असलेले खंड हातात यावेत म्हणून वर्षाची सगळी रजा मी एकेक दिवस करून सोमवारला जोडली. नवरा म्हणायचा, “लोक रजा काढून महाबळेश्वरला जातात.”

या आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. देशभरातून मिळवलेल्या १,२५९ हस्तलिखितांशी ताडून एकोणीस खंड. वि. स. सुकथनकर १९२५ पासून प्रमुख संपादक होते, ते १९४३ मध्ये वारले. पुढच्यांनी काम संपवलं. रोखपालाच्या नजरेनं मला त्या पानांची भूल पडली. पानावर वरच्या बाजूला श्लोकाच्या चार ओळी, मग एक आडवी रेघ, आणि रेघेखाली बारीक टाइपात पाठभेद. अमक्या पोथीत हा शब्द, तमक्या पोथीत तो. कुठल्याशा पोथ्यांनी मध्ये दोन जास्तीच्या ओळी घातल्यात, त्यांना तारा लावून खाली बसवलंय. कधी कधी वर दोनच ओळी आणि उरलेलं अख्खं पान रेघेखाली. शेकडो वर्षं कोण कोण या ग्रंथात आपली भर घालत गेलं, त्याचा तो जमाखर्च होता. एकालाही चोर म्हटलेलं नाही. फक्त नोंद आहे.

आणि तिथंच माझी पहिली तीन प्रकरणं गेली. माझ्या कादंबरीची सुरुवात मयसभेपासून होती. दुर्योधन पाण्यात पडतो, द्रौपदी खिदळून म्हणते, आंधळ्याचा पोरगा आंधळाच. हे वाक्य बहिणीच्या कानावर जातं आणि तिच्या मनात भावजयीबद्दल कायमची अढी बसते, अशी माझी जुळवणी. रेघेच्या वर ते वाक्य नव्हतंच. वर जे आहे ते असं: दुर्योधन पाण्यात पडल्यावर सेवक हसले, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव हसले. द्रौपदीचं तिथं नावसुद्धा नाही. मी वहीत लिहून घेतलं, बाहेर येऊन झाडाखाली बसले आणि खरं सांगायचं तर रडले. चारशे हस्तलिखित पानं होती ती.

पुढच्या खेपेला तीन अध्याय पुढं वाचत गेले आणि थबकले. हस्तिनापुरात परतल्यावर दुर्योधन बापाला सगळी हकीकत सांगतो, आणि तिथं तो म्हणतो की कृष्णही हसला, आणि द्रौपदीसुद्धा आपल्या बायकांसह हसली. आधीच्या प्रसंगात ती दोघं नाहीत, याच्या सांगण्यात आहेत. खुद्द ग्रंथातच गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या कानात जाताना वाढलेली आहे! आमच्या धंद्याचा मूळपुरुष दुर्योधनच म्हणायचा. मग मी प्रकरण नव्यानं लिहिलं. भाऊ बहिणीला ती हकीकत तीन वेळा सांगतो आणि दर वेळी हसणाऱ्यांत एका माणसाची भर पडते. कादंबरीतली ती पंधरा पानं मला आजही आवडतात.

भाषेनं मात्र फार छळलं. पहिल्या खर्ड्यात सगळी माणसं पिताश्री, माताश्री करत होती. ही टीव्हीची देणगी. मुळात तात आहे, अंब आहे, आर्य आहे. माझ्या मुलीनं चार पानं वाचली आणि विचारलं, “आई, ही बाई बोलते की निवेदन करते?” बरं, दुसरं भूत असं बसलं की महाभारतात फारसी-अरबी शब्द नकोत. लाल पेन घेतलं आणि हुकूम, फौज, जखम, नजर, दरवाजा, शहर, हवा, गरज, बाग काढून टाकले. ‘खूप’सुद्धा फारसीतून आलाय म्हणे, तोही काढला. मागं जे उरलं ते वाचून नवरा म्हणाला, कुणीतरी बारशाला आशीर्वाद देतंय असं वाटतं. नजरेच्या जागी दृष्टी आणि जखमेच्या जागी व्रण टाकला की वाक्य ताठ होतं, माणूस त्यातून उठून जातो. शेवटी आजीकडं वळले. उंबरा, ओटा, परसू, दिवेलागण, ओंजळ, ऊब, सय, आसवं. हे शब्द जुनेही आहेत आणि तोंडात बसणारेही. दुःशला माझ्या आजीच्या मराठीत बोलायला लागली आणि पहिल्यांदाच तिनं माझ्या मनात नसलेलं एक वाक्य उच्चारलं. लिहिणाऱ्याला हे कळेल.

आता त्या गुंजा.

युद्धानंतरच्या स्त्रीपर्वात गांधारी रणभूमीवर एकेकाचं प्रेत दाखवत जाते. जयद्रथापाशी आल्यावर ती कृष्णाला म्हणते, माझी पोर बघ, नवऱ्याचं मस्तक सापडेना म्हणून इकडून तिकडं धावतेय. ते सापडणारच नव्हतं. अर्जुनानं बाणांनी ते उडवून दूर, जयद्रथाच्या बापाच्या मांडीवर नेऊन टाकलं होतं. दोन ओळींचा मजकूर आहे. पण या दोन ओळींमुळं मला कळलं की युद्धाच्या वेळी ती सासरी नव्हती, हस्तिनापुरच्या बायकांत होती. मग अठरा दिवस ती काय करत होती? मी तक्ता केला. कुठल्या दिवशी कुठला भाऊ पडला. बेरीज शंभरावर काही केल्या येईना, नावांच्या याद्या एकमेकींशी जुळेनात. माझ्यातली रोखपाल बेचैन झाली आणि तिनंच तोडगा काढला. लहानपणी भाऊ मोजता यावेत म्हणून दुःशलेला आईनं शंभर गुंजा दिल्यात, सोनार वजनाला वापरतात त्या, लाल अंगाच्या नि काळ्या डोळ्याच्या. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या आईला बोटांनी मोजता येतील अशा. युद्ध सुरू झाल्यावर रोज दिवेलागणीला बातमी येते, आणि जितके भाऊ पडले तितक्या गुंजा ती पुरचुंडीतून काढून परसात पुरते. चौदाव्या दिवशी विकर्ण पडला, द्यूतसभेत द्रौपदीच्या बाजूनं बोललेला एकटा भाऊ. त्याच संध्याकाळी जयद्रथ. विकर्णाची गुंज तिनं काढली. नवऱ्याची गुंज पुरचुंडीत नव्हतीच.

हे सगळं माझं. व्यासांचं त्यात विकर्ण आणि जयद्रथ एकाच दिवशी पडले एवढंच.

कादंबरी निघाली. पहिली आवृत्ती अकराशे प्रतींची, ती संपायला चार वर्षं लागली. तिसऱ्या वर्षी एका तालुक्याच्या गावी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं. विषय होता ‘इतिहासातील उपेक्षित स्त्रिया’. नववीतली एक मुलगी उठली, दोन वेण्या वर बांधलेल्या, आणि दुःशलेवर बोलायला लागली. मला आधी आनंदच झाला. मग ती म्हणाली, “महर्षी व्यासांनी लिहून ठेवलंय, तिच्याजवळ शंभर गुंजांची एक पुरचुंडी होती.” पुढची दोन मिनिटं सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. माझ्या शेजारच्या परीक्षक सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. मुलीला पहिला क्रमांक मिळाला. माझ्या हातून ढाल तिला दिली, फोटो काढला, आणि मी काहीही बोलले नाही.

बँकेत खोटी नोट हाताला लागली तर तिच्यावर शिक्का मारून ठेवून घ्यायची, ग्राहकाच्या हातात परत द्यायची नाही, असा नियम आहे. एकोणतीस वर्षं मी तो पाळला. त्या दिवशी नोट परत दिली, वर टाळ्याही वाजवल्या.

वर्षभरात तो गुंजांचा प्रसंग मला फोनवर आला. माझ्याच आतेनं पाठवला होता, महाभारतातला अज्ञात प्रसंग म्हणून, खाली फुलं नि हात जोडलेले. माझं नाव नव्हतं. नाव नसल्याचं दुःख झालं नाही असं म्हणणार नाही, पण ते दुसऱ्या नंबरचं.

एका लेखकमित्राला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, जांभूळ आख्यान कुठं व्यासांनी लिहिलंय? द्रौपदीच्या मनात कर्ण आला आणि झाडाचं तोडलेलं जांभूळ पुन्हा देठाला लागेना, ही गोष्ट आमच्या लोकांनी रचली आणि विठ्ठल उमपांनी ती रंगमंचावर अशी उभी केली की लोक वेडे झाले. तिथं कुणी पुरावा मागितला का? त्याचं म्हणणं मी बरेच दिवस घोळवलं. मला ते पटत नाही. आख्यान ऐकायला बसलेल्या माणसाला संबळ ऐकू येतो, तुणतुणं ऐकू येतं. गोष्ट कोण सांगतंय हे त्याला कळत असतं. माझ्या पुस्तकात संबळ नव्हता. पहिल्या पानावर भांडारकर संस्थेच्या ग्रंथालयाचे आभार होते आणि शेवटी दोन पानं संदर्भग्रंथांची यादी. त्या यादीनंच माझ्या गुंजांना शिक्का दिला. वाचकाची काय चूक?

पुराणात हे एक वेळ खपून जातं. इतिहासात एका लेखणीनं काय होतं त्याचं उदाहरण आपल्याच घरात आहे. संभाजीराजांनी बाळाजी आवजी चिटणीसांना देहदंड दिला. त्या घराण्यातल्या मल्हार रामरावांनी सव्वाशे वर्षांनी बखर लिहिली, आणि तिच्यातल्या संभाजीराजांवरून पुढं नाटकं झाली, कादंबऱ्या झाल्या, व्यसनी राजपुत्र म्हणून ते घराघरांत पोचले. वा. सी. बेंद्रे कागद गोळा करत बसले आणि १९६० मध्ये त्यांनी लिहिलेलं संभाजीराजांचं चरित्र आलं, तेव्हा कुठं ते चित्र हललं. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीच्या आरंभी नरहर कुरुंदकरांचं जे लांबलचक पत्र प्रस्तावना म्हणून छापलंय, ते मी दर वेळी नवीन पुस्तक घेताना वाचते. टीकाकाराचे प्रश्न कादंबरीच्या दारातच उभे करून ठेवायला लेखकाच्या अंगात हिंमत लागते.

म्हणून आनंदीबाईंना घेताना मी ठरवलं की या वेळी रोकड रोजच्या रोज जुळवायची. आनंदवल्ली आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. राघोबादादांनी बायकोच्या नावानं वसवलेली, गोदावरीच्या काठची. लहानपणी त्या बाजूला नवश्या गणपतीला जायचो तेव्हा आजी म्हणायची, “त्या बाईचं नाव तिन्हीसांजेला घेऊ नका.” सगळ्या महाराष्ट्राला तिची एकच गोष्ट ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, शनिवारवाड्यात गारदी शिरले आणि अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चुलते राघोबादादांच्या चिठ्ठीत ‘धरावे’ होतं, आनंदीबाईंनी ध चा मा करून ‘मारावे’ केलं.

तीन वर्षं मी ती चिठ्ठी शोधली. मोडी शिकले त्यासाठी, पन्नाशीत. सरदेसायांनी निवडून छापलेले पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड आहेत, त्यातले लागतील तेवढे चाळले. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन बसले. जो तो सांगायचा, अमक्या वाड्यात आहे, तमक्याच्या पणजोबांनी पाहिली होती. चिठ्ठी कुठंच नाही. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी धरलं, हे आहे. बाईंनी अक्षर बदललं, हे फक्त लोकांच्या तोंडी आहे.

एका रात्री मी स्वतः बोरू नि शाई घेऊन बसले. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला लोंबती अक्षरं हात न उचलता जोडत जायचं. शब्दांत जागा सोडायची नाही. ‘धरावे’ लिहिलं, ध खरवडला, तिथं काना धरून मा बसवायला गेले तर तो पुढच्या रा वर चढला. सात वेळा करून पाहिलं. कुठल्याही कारकुनानं एका नजरेत पकडलं असतं. यावरून काही सिद्ध होत नाही, माझा हात पन्नाशीत शिकलेला. पण त्या रात्रीपासून मला तो प्रसंग लिहिता येईना. बाईंनी अक्षर बदललं असं लिहिलं तर एका खरोखर होऊन गेलेल्या बाईवर मी आणखी एक साक्ष ठेवणार. बदललं नाही असं लिहिलं तर तीही माझी गुंजच. शेवटी मी ते प्रकरण आनंदीबाई दिवा जवळ आणायला सांगतात तिथं तोडलं, आणि पुढचं प्रकरण वाड्यात आरडाओरडा उठतो तिथून सुरू केलं. मधला कागद कोराच. खर्डा वाचलेल्या तिघांपैकी दोघं चिडले. एक म्हणाली, “एवढी सहाशे पानं वाचायला लावलीस, आता सांग की!”

छोट्या चुका तर होतातच. पहिल्या खर्ड्यात आनंदीबाई सकाळी चहा घेत होत्या. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी समासात फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं होतं, मी दोन दिवस कुणाला तोंड दाखवलं नाही.

दरम्यान दुःशलेची दुसरी आवृत्ती निघायची होती. मी प्रकाशकांना सांगितलं, शेवटी एक पान पाहिजे, यात माझं काय आणि ग्रंथातलं काय ते लिहायचंय. ते म्हणाले, वाचकाचा रसभंग होईल, हॉटेलात जेवून उठलेल्याला कुणी भटारखाना दाखवतं का? मी म्हटलं, आमच्या वेळी जुन्या खाणावळींत स्वयंपाकघर समोरच असायचं, गिऱ्हाईक उलट भरवशानं बसायचं. शेवटी एक पान मिळालं. त्यात पहिलीच ओळ आहे: गुंजा माझ्या. एका वाचकानं कळवलं की ते पान वाचून त्याला फसवल्यासारखं वाटलं. दुसरीनं लिहिलं, गुंजा तुमच्या आहेत तर मग मी त्या जास्त जपून ठेवीन. त्या नववीतल्या मुलीचं नाव माझ्याकडं नव्हतं. शाळेच्या पत्त्यावर एक प्रत पाठवली, शेवटचं पान दुमडून. पोच आली नाही.

ही आनंदीबाईंची कादंबरी छपाईला जाईल आता. तिच्याही शेवटी तसं पान आहे, या वेळी चार पानं आहेत. त्यात एक नोंद राहून गेली, ती इथं करते. दोन वर्षांपूर्वी गोदाकाठच्या एका गावात जुन्या घरात मोडी कागदांचे चार रुमाल असल्याचं कळलं. मी आनंदीबाईंच्याच मागावर होते म्हणून मार्गशीर्षात तिथं गेले. घरच्यांनी आदरानं बसवलं, पोहे दिले आणि सांगितलं, “ताई, पितृपक्षात माळा झाडला तेव्हा जुन्या देवघरातल्या सामानाबरोबर नदीत सोडले. कुणाला वाचताच येत नव्हते ना.” त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांनी हात जोडून सोडले होते. त्यात ती चिठ्ठी होती असं मी म्हणत नाही. बहुधा ज्वारीचे हिशेब असतील, सारा भरल्याच्या पावत्या असतील. मला ज्वारीचे हिशेबही चालले असते. १७७३ सालच्या भाद्रपदात नाशकात ज्वारी काय भावानं होती, ते मी शेवटी लिहिलंच नाही.

तुमच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेलं काही असेल, वाळवी लागलेलं, कुणाला न वाचता येणारं, तर ते पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात नेऊन दाखवा. मोडी वाचणारी माणसं आहेत अजून. नदीत सोडू नका.